कमरेचं वजन



मी कविता लिहितो हे आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना माहीत आहे. पण गल्लीला माझा खरा उपयोग आहे तो अर्ज लिहून देण्यासाठी. बी. ए. झालेला, छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस ऱ्हस्व-दीर्घाची चूक करणार नाही, असा लोकांचा विश्वास. रेशनकार्डात नाव चढवण्यापासून नळाला पाणी न येण्यापर्यंत सगळ्या विषयांवर मी अर्ज लिहिले आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मात्र एक वेगळाच अर्ज दारात आला. घेऊन आला माझा भाचा.

भाचा हुपरीहून चांदीचे पैंजण घेतो आणि सांगली, निपाणी, बेळगावच्या दुकानदारांना पोचवतो. जाताना माल, येताना रोकड. "मामू," तो म्हणाला, "रिव्हॉल्वरच्या परवान्याचा अर्ज करायचाय. छापील फॉर्म मी भरतो. फक्त कारण तेवढं तुम्ही चांगल्या मराठीत लिहून द्या."

मी विचारलं, "कारण काय आहे?"

तर त्याने दोन कारणं सांगितली. पहिलं, त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची गाडी रात्री रस्त्यात अडवली होती. दुसरं सांगताना त्याचा आवाज खाली आला. ७ जून २०२३ ला आपल्या शहरात जी दगडफेक झाली, त्या दिवशी तो दुकानाचं शटर आतून ओढून चार तास बसला होता. "त्या चार तासांत," तो म्हणाला, "हातात काहीतरी असावं असं वाटलं."

मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, आठवडाभराने ये.

या आठवड्यात मी जे विचारलं, पाहिलं, वाचलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. हत्याराच्या बाबतीत मी अडाणीच. पण आमच्या बोळाच्या तोंडाशी एक तात्या राहतात. पोलीस दलात हवालदार होते, बरीच वर्षं मुख्यालयाच्या शस्त्रागारात काढली. त्यांच्या ओट्यावर मी चार संध्याकाळी बसलो.

तात्यांनी पहिल्यांदा माझी समजूत काढली. "मास्तर, सिनेमात बघताय ते विसरा. आपल्याकडं साध्या माणसाला मिळतं ते बत्तीस बोअरचं. नऊ एमेमचं पिस्तूल पोलिसांचं नि लष्कराचं. ते निषिद्ध बोअर, तुमच्या भाच्याच्या नशिबात न्हाई." कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्वर हे वर्षानुवर्षं परवानाधारकांचं नेहमीचं हत्यार. सहा गोळ्यांचं, आखूड नळीचं. २०१४ मध्ये याच शहरातून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्वर आलं. खास स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि किंमत होती लाखाच्या वर. दिल्लीतल्या त्या मुलीच्या नावावरून हे नाव घेतलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. एका मुलीच्या यातनेचं नाव एका वस्तूला देऊन ती लाख रुपयांना विकणं मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं. असो.

भाच्याला हवं होतं सगळ्यात लहान. शर्टाखाली दिसू नये, खिशात मावावं. इथे तात्यांनी मान हलवली. लहान हत्यार लपवायला सोपं आणि चालवायला अवघड, असं त्यांचं म्हणणं. वजन कमी की धक्का जास्त. नळी आखूड की नेमाची दोन टोकं जवळजवळ येतात आणि हाताची बारीकशी चूक पाच-सात पावलांवर वीतभर होते. मूठ इतकी लहान की करंगळीला जागाच नाही. म्हणून हत्यार निवडताना खिशाचं माप घ्यायचं नाही, हाताचं घ्यायचं. परवाना हातात आल्यावर अधिकृत विक्रेत्याकडे जायचं, त्याच्याकडून रिकामं असल्याची खात्री करून घ्यायची, आपणही डोळ्यांनी बघायची, मग मूठ धरून पाहायची. बोट चापावर नीट पोचतं का, चाप ओढताना नळी हलते का, हे बघायचं. रिव्हॉल्वरचा चाप पिस्तुलापेक्षा लांब आणि जड असतो. नवख्याला तो त्रास वाटतो. तात्यांच्या मते नवख्याचं रक्षण तोच करतो.

दुसरी गोष्ट ठेवायची कुठे. कमरेला नुसतं खोचून फिरणारे पुष्कळ. तात्या त्यांना एक शब्द वापरतात, तो आकाशवाणीवर सांगता येणार नाही. खोचलेलं हत्यार बसताना सरकतं, जिना चढताना सुटतं, आणि सुटलं की माणूस ते झेलायला जातो. झेलताना बोट कुठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून नियम असा, की पडतंय तर पडू द्यायचं. पण मुळात पडू नये यासाठी जाड चामड्याचं होल्स्टर हवं. चापाचा भाग पूर्ण झाकणारं, हत्यार काढल्यावर तोंड न मिटणारं. आणि त्याला पेलणारा रुंद, कडक पट्टा. अर्धा-पाऊण किलोचं वजन साध्या पट्ट्याला लोंबतं आणि माणूस दिवसभर पँट वर ओढत राहतो. मग लपवायचं काय राहिलं? जो तो विचारतो, कमरेला काय आहे?

मोटरसायकलवरून जाणाऱ्याने आणखी एक विचार करावा. गाडी घसरली तर आपण कुठल्या अंगावर पडू? त्या अंगाला लोखंड असेल तर हाड जाईल. बॅगेत ठेवायचं असेल तर त्या कप्प्यात दुसरं काहीच नको, ना किल्ल्या, ना पेन, ना मोबाईलचा चार्जर. चापात काय अडकेल सांगता येत नाही. आणि बॅग आपण खांद्यावरून काढतो, खुर्चीला लावतो, विसरतो. बॅग चोराच्या हातात गेली की आपलं हत्यार गेलं, आणि मग ते कुणाच्या अंगावर चालेल ते पुढे पोलीस आपल्याला सांगणार.

या 'विसरतो' शब्दापाशी मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी पाच-सात कवींची बैठक होती. एक स्नेही आले होते, बांधकामाच्या धंद्यातले, गझलेचे शौकीन. त्यांच्याकडे परवाना होता हे मला ऐकून माहीत होतं. ते हातपाय धुवायला मोरीत गेले, कमरेचं चामडी पाकीट काढून खुंटीला अडकवलं आणि आले. दोन गझला ऐकवल्या, जेवले, निघाले. थोड्या वेळाने माझा पाच वर्षांचा नातू ते पाकीट दोन्ही हातांनी धरून माझ्यापाशी आला. म्हणाला, "दादा, बघा किती जड आहे."

मी त्याच्या हातून ते कसं घेतलं हे मला आजही आठवत नाही. घेतलं एवढं खरं. आत काय आहे ते उघडून बघायचं धाडस झालं नाही. तोंड भिंतीकडे करून कपाटाच्या डोक्यावर ठेवलं आणि खाली खुर्ची टाकून बसलो. घरातल्या सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवलं. फोन केला. पंधरा मिनिटांत स्नेही आले, हसत हसत. "अहो, सेफ्टी आहे त्याला, एवढं काय घाबरता?" मी म्हटलं, रिकामं करून दाखवा. त्यांनी उघडलं आणि तळहातावर काडतुसं ओतली. सहा होती. मग ते हसले नाहीत. नातू दाराआडून बघत होता. त्याला ती पितळेची पेनाची टोपणं वाटली. एक द्या म्हणून मागत होता.

तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खुंटी ही हत्याराची जागा न्हाई. जागा दोनच. एक अंगावर, दुसरी कुलपात." कायदाही तेच सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याकडून हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लेखी घेतली जाते, आणि हत्यार कसं हाताळायचं याचं प्रशिक्षणही मागितलं जातं. घरी आल्यावर पहिलं काम हत्यार रिकामं करायचं. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ली देव्हाऱ्यात किंवा कुराणाच्या फळीवर नको. पोरांना त्या जागा सगळ्यात आधी माहीत असतात.

भाचा अर्ज घेऊन आला त्याच आठवड्यात, १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, अभिनेता गोविंदा यांच्या पायाला गोळी लागल्याची बातमी आली होती. मुंबईतल्या घरी, कोलकात्याला निघायच्या घाईत, कपाटात ठेवताना परवान्याचं रिव्हॉल्वर हातातून निसटलं. गोळी गुडघ्याखाली लागली. जीव वाचला. नेमकं कशामुळे उडालं ते मी सांगू शकत नाही. पण तात्यांनी मला जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरची एक खोड समजावून दिली. त्यात घोडा खाली असतो तेव्हा त्याची चोच सरळ काडतुसाच्या बुडावर टेकलेली असते. हत्यार घोड्यावर पडलं की तो धक्का म्हणजेच चाप ओढल्यासारखं. नव्या बनावटीत मध्ये आडकाठी असते. म्हणून जुनी माणसं सहाच्या जागी पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचं घर मोकळं ठेवत. आपलं हत्यार कुठल्या जातीचं आहे, हे न विचारता ते कमरेला लावणारे किती असतील?

आता श्रोतेहो, आपल्या कोल्हापूरला हत्यार नवीन नाही. ३१ जुलै १८५७ ला इथल्या २७ व्या देशी पलटणीने बंड केलं, चिमासाहेब महाराजांना पुढे कराचीला नेऊन ठेवलं, आणि १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी साऱ्या देशाचीच हत्यारं परवान्याला बांधली. आज चालतो तो कायदा १९५९ चा. पण परवाना ही कल्पना त्या भीतीतून जन्मली. संस्थानात शिकारीचा शौक मोठा. महाराजांचे चित्ते सांभाळणारी चित्तेवान मंडळी आमच्याच समाजातली. त्यांच्या गोष्टी ऐकत आमच्या आधीची पिढी वाढली. राधानगरी, आजरा, चंदगडकडे डुकरं आणि गवे पिकात घुसतात म्हणून शेतकऱ्याकडे बारा बोअरची बंदूक असायची. पण ती खांद्यावर असायची. गाव तिला बघायचं, कुणाकडे आहे, तो माणूस कसा आहे, पितो का, भांडतो का, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. शर्टाखालचं रिव्हॉल्वर कुणालाच दिसत नाही. ज्याच्याकडे आहे त्याला एकट्यालाच त्याचं वजन कळतं, आणि भांडणात बोलताना त्याचा आवाज त्या वजनाने बदलतो. माझ्या त्या स्नेह्यांचा बदलत असे. मी पाहिलं आहे.

लपवायचं मात्र आहेच. मिरवण्यासाठी परवाना नसतो. लग्नात, वरातीत, वाढदिवसाला हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली. मोबाईलवर हत्यारासकट फोटो टाकणाऱ्याचा परवानाही धोक्यात येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने असल्याचं महाराष्ट्राने ऐकलं, आणि तिथे परवाने रद्द करण्याची मोहीम घ्यावी लागली.

आमच्या भागाची म्हणून एक अडचण आहे, ती कुणी सांगत नाही. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. कागल सोडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळीचा नाका, तिथून कर्नाटक. भाच्याचं गिऱ्हाईक निपाणी-बेळगावात. कागदावर फक्त महाराष्ट्र असेल तर पुलाच्या अलीकडे तो परवानाधारक आणि पलीकडे गुन्हेगार. नदी तीच, माणूस तोच, कमरेला तेच. सीमाभागावर कविता आम्ही पुष्कळ लिहिल्या. ही ओळ मात्र कुणाला सुचली नव्हती.

आणि निवडणूक. त्याच महिन्यात १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलेल्यांची रांग तात्यांनी मला मुद्दाम दाखवली. कुणी हातरुमालात, कुणी साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. "बघा," तात्या म्हणाले, "म्यान घ्यायला पैसं न्हाईत." त्यांनी होल्स्टरला म्यान म्हटलं ते मला फार आवडलं.

भाच्याच्या दुसऱ्या कारणाबद्दल मी तात्यांना विचारलं. शटरमागच्या त्या चार तासांबद्दल. त्यांनी मलाच उलट विचारलं, "बाहेर किती माणसं होती?" मी म्हटलं, शे-दोनशे. "आणि गोळ्या सहा. सातव्याला काय दाखवणार?" मग थोडं थांबून म्हणाले, त्या दिवशी बंदोबस्तात असतो तर शटरच्या आतल्या माणसाला मी हेच सांगितलं असतं, की कडी लाव आणि फोन कर. गोळी झाडलीस तर तुला वाचवणं आमच्याही हातात राहणार नाही.

मला गोविंद पानसरे आठवले. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून येताना घराजवळ त्यांच्यावर आणि उमाताईंवर मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या; २० तारखेला ते गेले. त्यांच्या खिशात हत्यार असतं तर? जवळून, अचानक झाडलेल्या गोळीला शर्ट वर करून, म्यानातून काढून, नेम धरून उत्तर देता येत नाही, असं तात्या म्हणतात. वाटमारीतही तेच. हत्याराला दोन-चार सेकंद लागतात, ते देणारा चोर त्यांनी नोकरीत पाहिला नाही.

भाचा आठवड्याने आला. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामू, अर्ज लिहून देणार का नाही?" मी दिला. चार ओळींचा. 'जीवितास धोका' हा शब्द त्याला हवा होता. मी 'व्यवसायानिमित्त मौल्यवान माल व रोख रकमेची रात्रीची वाहतूक' एवढंच लिहिलं. खोटं त्यात काही नव्हतं.

खरी परीक्षा पुढे होती. महिना-दीड महिन्याने पोलीस ठाण्यातून चौकशीला माणूस आला. चारित्र्य पडताळणीत शेजाऱ्या-पाजाऱ्यांना विचारतात, नातेवाइकांना विचारतात. जमादारांनी मला विचारलं, "मुलगा स्वभावाने कसा आहे?" माझ्यासमोर माझ्याच हस्ताक्षरातला अर्ज होता. बहिणीचा मुलगा. बाप लवकर गेलेला, माझ्या मांडीवर वाढलेला. आणि मला हेही ठाऊक होतं, की दोन वर्षांपूर्वी उधारीवरून त्याने एका दुकानदाराच्या काउंटरची काच हाताने फोडली होती. सात टाके पडले होते.

मी म्हणालो, "कष्टाळू आहे. व्यसन कसलंही नाही. पण रागीट आहे." जमादारांनी वर पाहिलं आणि लिहून घेतलं.

बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. भाचा ईदला आला नाही. आमच्यात ईदला मामाकडे न येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. अम्मी म्हणाल्या, "तुला खरं बोलायला हाच दिवस सापडला?" मी तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, तेही या वेळी काही बोलले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी भाचा आला. आपण होऊन. जेवताना सांगितलं, आता निपाणी-बेळगावची फेरी दिवसा करतो, बरोबर एक माणूस घेतो, पैसे जमेल तितके बँकेतून. आणि रविवारी सकाळी रेंजवर जातो. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांच्या गावात नेमबाजी शिकायला लांब जावं लागत नाही. स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून कांस्य आणल्यापासून तर पोरांची गर्दी आहे म्हणे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. "पहिला महिना," तो म्हणाला, "हात नुसता उचलून धरायला लावला. गोळीच दिली नाही. नळी फक्त समोर, बोट बाहेर. विसरलो की घरी पाठवायचे."

"आणि नेम?" मी विचारलं.

"दहातले चार काळ्यात लागतात," तो म्हणाला. "राग आला असेल त्या दिवशी एकही नाही."

परवान्याचा निकाल अजून आलेला नाही. मी विचारत नाही, तोही सांगत नाही.